हरकत आहे, हरकत नाही आणि गप्प

टेपरेकॉर्डर चांगला आहे की नाही हे बघायला कोडोलीहून दोन भांडणारे भाऊ बोलावून घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं काढली. लोक सिनेमानटाच्या शेजारी उभं राहिल्याचं सांगतात, मी हे सांगते.

आमचं ऑफिस सुनावण्यांचं. जमिनीची वाटणी, वारसाची नोंद, बांधाची तक्रार, असली प्रकरणं आमच्या साहेबांपुढं चालायची. ऑफिसचं नाव सांगत नाही, माझी पेन्शन अजून चालू आहे. कोल्हापुरात होतं एवढं पुरे. बाहेर इलाहीभाई शिपाई पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचे, तो रस्त्यापलीकडच्या टपरीत बसलेल्यालाही ऐकू जायचा. आत साहेब विचारायचे, माणसं सांगायची, आणि कोण काय म्हणालं ते रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या नोंदीत, लिहायचं काम अण्णांचं. अण्णा आमचे शिरस्तेदार, ऑफिसात साहेबांच्या खालोखाल. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथून ते कुणी बाहेर काढलं नाही. अण्णांनी लिहायचं आणि मी ते टाइप करायचं, अशी आमची वाटणी होती. या वाटणीत माझ्या वाट्याला काय आलं ते विचारू नका.

इतर ऑफिसांत रोजनामा चार ओळींचा. उभय पक्ष हजर, म्हणणे ऐकले, निर्णयासाठी बंद. झालं. अण्णांचा रोजनामा चार पानांचा, कारण ते न बोललेलंसुद्धा लिहायचे. कंसात. ‘(सामनेवाले हसले. कशाला ते कळले नाही.)’ ‘(अर्जदार रडू लागले. पाणी दिले. प्याले नाहीत.)’ माझी बोटं मोडून यायची. मी म्हणायचे, “अण्णा, कंसातलं तेवढं सोडू का?”

“बाई, कंसातलंच टाइप करा. बाकीचं वकील सांगत्यातच की.”

सुनावणी सुरू झाली की अण्णा उठायचे आणि पंखा बंद करायचे. मे महिन्यातसुद्धा. पंख्याच्या आवाजात बारीक बोलणारा माणूस ऐकू येत नाही म्हणे. स्वतः मात्र इतक्या मोठ्यानं बोलायचे की त्यांना विमानाचाही त्रास झाला नसता. साहेब घामाघूम, वकील घामाघूम, मी तर माणसांत नसायचेच. एका साहेबांनी वैतागून विचारलं, “शिरस्तेदार, उकाड्यानं इथं एखादा मेला तर?”

“तेबी लिवतो की साहेब,” अण्णा म्हणाले.

“इचारलंय कुणाला?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पक्षकाराला विचारलं आणि वकील बोलला की अण्णांचं पेन थांबायचं. “वकीलसाहेब, मी ह्येंना इचारलंय. तुमास्नी इचारलंय का?” ही सवय ऑफिसपुरती असती तर चाललं असतं. टपरीवर मला विचारायचे, “बाई, भजी घेणार काय?” आणि इलाहीभाई चुकून म्हणाले, “घेतील की,” तर झालं! “इलाही, तुला इचारलंय का?” भजी गार झाली तरी चालतील, उत्तर माझ्याच तोंडून आलं पाहिजे.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला हातकणंगल्याकडं गेले. घरातले वडीलधारे म्हणून त्यांना पुढं बसवलेलं. अण्णांनी मुलीला विचारलं, “बाळ, मुलगा पसंत हाय का?” मुलीची आई घाईघाईनं म्हणाली, “म्हंजे काय, पसंतच हाय की!” अण्णा म्हणाले, “बाई, तुमास्नी इचारलंय का?” मग सगळी बैठक पोह्यांच्या बश्या हातात धरून गप्प. अण्णा निवांत. शेवटी मुलगी म्हणाली, “न्हाय.” पुतण्या पुढं दोन वर्षं अण्णांशी बोलला नाही. अण्णांनी तेही कुठंतरी कंसात लिहून ठेवलं असणार.

आता मुद्द्याचं. वाटणीच्या प्रकरणात बहिणी यायच्या. भाऊ घेऊन यायचे, असं म्हणा. अंगावर नवी साडी, डोक्यावर पदर, मागं भाऊ उभा. साहेब विचारणार, “वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडताय, तुमची हरकत आहे का?” बाई पायाच्या अंगठ्याकडं बघणार. भाऊ म्हणणार, “तिची काय हरकत न्हाय साहेब.” आणि सगळीकडं लिहितात तेच लिहायचं, हरकत नाही. सही नाहीतर अंगठा, पुढचा पुकारा. माहेर तुटायला नको म्हणून बाई गप्प, आणि गप्प म्हणून हरकत नाही. मलाही दोन भाऊ. पण तेव्हा वडील धडधाकट होते, त्यामुळं हे सगळं मला दुसऱ्यांच्या घरचं वाटायचं.

अण्णा काय लिहायचे? ‘बहिणीस विचारले. गप्प. पुन्हा विचारले. गप्प. भावाने उत्तर दिले. भावास विचारले नव्हते.’ आणि पुढची तारीख द्यायला लावायचे. एकेका बाईला तीन-तीन तारखा. भाऊ लोक बाहेर येऊन इलाहीभाईंना शिव्या घालायचे, जणू त्यांनीच बहिणींची तोंडं शिवली होती. पण काही बायका तिसऱ्या तारखेला खरंच बोलायच्या. कुणी म्हणायची, दिला हिस्सा, खुशीनं दिला. कुणी म्हणायची, विहिरीजवळचा तुकडा मला पाहिजे. मग जो काही दंगा व्हायचा तो अण्णा अगदी आवडीनं लिहून घ्यायचे आणि माझी संध्याकाळची बस चुकायची.

अशात वरून पत्र आलं, सुनावण्यांची नोंद ठेवायला आधुनिक यंत्रणा निवडा. समिती नेमली. समितीत कोण, तर ज्यांना नको म्हणता येत नाही ते. साहेब अध्यक्ष, अण्णा सचिव, आणि चहा कोण सांगणार म्हणून मी. सगळ्यांना वाटलं, अण्णा जुन्या वळणाचा माणूस, यंत्राला आडवा येणार. कशाचं काय! माणूस इतका हरखला की दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन आला. पहिल्या पानावर तीन प्रश्न. दोघं एकदम बोललं तर यंत्राला कळंल का? रडलं तर कळंल का? गप्प बसलं तर कळंल का? जो विकायला येईल त्याला हेच तीन. म्हणजे अण्णांना यंत्र नको नव्हतं, फार चांगलं यंत्र पाहिजे होतं. सरकारी ऑफिसला असल्या माणसाचा जास्त ताप होतो.

पहिला आला टेपरेकॉर्डरवाला. त्यानं ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणून दाखवलं. अण्णा म्हणाले, “आमच्याकडं असलं कोण बोलत न्हाय,” आणि कोडोलीच्या त्या दोघा भावांना निरोप धाडला. त्यांची बांधाची केस कधीच निकालात निघाली होती, पण भांडण शिल्लक होतं. दोघं हौसेनं आले आणि अर्धा तास मनापासून भांडले. मग टेप लावून ऐकली. त्या दिवशी साहेबांनी हट्टानं पंखा चालू ठेवलेला, त्याची घरघर अगदी स्वच्छ. मधनंच इलाहीभाईंचा पुकारा खणखणीत. आणि भावांचं भांडण म्हणजे नुसती खुसफुस.

“इलाहीची केस झ्याक रेकॉर्ड झालीया,” अण्णा म्हणाले आणि वहीत फुली मारली. दोघा भावांना टेप पुन्हा ऐकायची होती. ऐकता ऐकता आधी कोण बोललं यावरून नवीन जुंपली, ती मिटवायला साहेबांना मध्ये पडावं लागलं.

दुसरा होता लग्नाचं शूटिंग करणारा. लग्नसराई संपली की त्याचा कॅमेरा रिकामा, म्हणून सुनावण्यांचं शूटिंग करून देतो म्हणाला. एक दिवस करूनही दाखवलं. पक्षकार केस विंचरून, पावडर लावून आले. एक म्हातारा तर साहेबांना सोडून कॅमेऱ्यालाच नमस्कार करून जबाब देत होता. आठवड्यानं कॅसेट आली. बघतो तर काय, मागं सनई! वकिलांचा चेहरा पान उलटावं तसा उलटायचा आणि खालून साहेब निघायचे. आणि हिस्सा सोडायला आलेली एक बहीण, विचारलं तर गप्प, खाली बघत उभी, ती सबंध बदामाच्या आकारात. बदामाभोवती गुलाबाची फुलं.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी तो भाग तीनदा मागं घेऊन बघितला आणि म्हणाले, “ह्यात गप्प दिसतंय.” आणि खरोखर शिफारस लिहिली हो! ‘बदाम व सनई वगळल्यास यंत्रणा उत्तम.’ साहेबांनी ती फाईल भिरकावली ती कपाटामागं पडली. चार दिवसांनी मीच काठीनं काढली.

दिवस गेले. साहेब बदलले, पुन्हा बदलले. प्रत्येक जण आल्या आल्या विचारायचा, “काय झालं त्या यंत्रणेचं?” आणि प्रत्येकाला फाईल पहिल्या पानापासून वाचावी लागायची. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. माझे वडील गेले. भाऊ म्हणाले, वाटणीची काय घाई न्हाय, बघू की सावकाश. मीही म्हटलं, बघू.

मग पुण्याहून सॉफ्टवेअरवाला आला. टाय लावलेला, बोलायला गोड. म्हणाला, “सर, हे एकदम युजर फ्रेंडली आहे.”

“युजर म्हंजे कोण? मी का त्यो?” अण्णांनी बाहेर बाकड्यावर बसलेल्या पक्षकाराकडं बोट दाखवलं.

“तुम्ही, सर.”

“मग त्येला कोण फ्रेंडली?”

पडद्यावर नाव, गाव, तारीख, हजर, गैरहजर, सगळं नीटनेटकं होतं. खाली दोन चौकोन. एकापुढं ‘हरकत आहे’, दुसऱ्यापुढं ‘हरकत नाही’. दोन्हीतलं एक दाबल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

“आणि गप्प?” अण्णांनी विचारलं.

“गप्प म्हणजे नाहीच ना सर. हरकत असती तर बोलले असते ना ते.”

“तुझं लगीन झालंय का?”

“नाही सर.”

“मग तुला कळायला अजून येळ हाय. तिसरा चौकोन घालून आण.”

बघतो सर, म्हणून तो जो गेला तो दोन महिन्यांनी आला, चौकोन दोनच. पुन्हा गेला, पुन्हा आला. काहीतरी मुळातूनच बदलावं लागेल म्हणे. बैठका झाल्या, भडंगाच्या पुड्या संपल्या, आणि अण्णांचा तिसरा चौकोन म्हणजे ऑफिसात थट्टेचा विषय झाला. थट्टेत सगळ्यांच्या पुढं मी. साहेबांनी कामाचं विचारलं आणि उत्तर येत नसलं की मी म्हणायचे, “साहेब, माझा तिसरा चौकोन दाबा.” सगळे हसायचे. मला चार लोकांत बोलायला कधी अडचण पडली नाही, देवाच्या दयेनं जीभ चांगली होती.

एकदा दुपारी डबा खाताना मी त्यांना म्हटलंच, “अण्णा, एका चौकोनासाठी किती ताणायचं? लोक हसायला लागलेत.”

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. आवाज खाली आणून बोलताना त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“आमच्या वाटणीला आक्काला मीच आणलंतं. नवं लुगडं घेऊन गेलतो. कारकुनानं तिला इचारलं, बाई, हरकत हाय का? आक्का गप्प. माझ्याकडं बघालती. मी म्हणलो, तिची काय हरकत न्हाय. त्येनं लिवलं. झालं.”

“मग आक्का काही म्हणाल्या नाहीत?”

“न्हाय. नवरा गेला, दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाया लागली. दिवाळीला मला ओवाळायला येती. त्यावर एक शबूद न्हाय बघा.” पिशवी जवळ ओढून म्हणाले, “परवा म्हणलं, परत देऊया तिचं तिला. माझी पोरं म्हणाली, हरकत हाय. त्येंनी बघा कसं लगीच तोंड उघडलं.”

अण्णांनी डबा पिशवीत ठेवला आणि हात धुवायला गेले.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवशी नवीन साहेबांनी बोलावलं. “मॅडम, मार्चच्या आत यंत्रणा बसली पाहिजे. शिरस्तेदार आता रिटायर होतील, त्यांच्या हातून हे होणार नाही. टिपणी तुम्ही करा.” मला कोण आनंद! सोळा वर्षं दुसऱ्याचं लिहिलेलं टाइप करणाऱ्या बाईला स्वतःची टिपणी लिहायला मिळाली. झकास तक्ता आखला. सगळ्या यंत्रणांचे गुण-दोष मांडले. आणि शेवटी लिहिलं, ‘तिसऱ्या चौकोनाची बाब किरकोळ असल्याने ती तूर्त वगळण्यास हरकत नाही.’

सचिव म्हणून अण्णांची सही लागायची. फाईल त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पहिल्यापासून वाचली, ‘किरकोळ’वर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. पेन हातात, पण हलेना. साहेब दारात येऊन उभे, सगळं ऑफिस बघतंय. मला तो गप्पपणा सोसेना. माझी ती चांगली जीभ वळवळली.

“काय अण्णा, गप्प? म्हणजे हरकत नाही ना?”

ऑफिस खो खो हसलं. साहेबसुद्धा हसले. इलाहीभाई तेवढे हसले नाहीत, ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. अण्णांनी सही केली. मी फाईल उचलली आणि त्याच दिवशी वर पाठवली.

अण्णांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पेढे. साहेबांनी भाषण केलं, “अण्णांना आता घरी आराम करायला आवडेल.” अण्णा खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाले, “मला इचारलंय का?” तेव्हाही आम्ही हसलो. त्यानंतर दोन-तीनदा ते रंकाळ्यावर दिसले. सोबत एक म्हातारी असायची, डोक्यावर पदर घेतलेली. आक्काच असणार. दोघं कठड्यावर बसलेली असायची, अण्णा मोठ्यानं काहीतरी सांगायचे आणि ती पाण्याकडं बघायची. मी लांबूनच गेले, जवळ जायचं धाडस झालं नाही. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

यंत्रणा मात्र मार्चच्या आत बसली. माझ्या टिपणीचं कौतुक झालं. पुढं तसलीच यंत्रणा दुसऱ्या कचेऱ्यांतही गेली.

आणि मग आमची वाटणी निघाली. तालुक्याच्या कचेरीत तारीख होती. दादा गाडी घेऊन मला न्यायला आला, वहिनीनं नवी साडी पाठवलेली, तीच मी नेसले. आई बरोबर होती, ती बाहेर बाकड्यावर बसली. मला सगळं नको होतं. रस्त्याकडेचा छोटा तुकडा पाहिजे होता, रिटायर झाल्यावर दोन खोल्या बांधायला. गाडीत मनातल्या मनात पाठ करत गेले. हरकत आहे, बाकीचं सोडते, रस्त्याकडेचा तुकडा ठेवा. एवढंच तर बोलायचं होतं.

आत कॉम्प्युटरवर एक मुलगी होती, वागायला चांगली. तिनं विचारलं, “मॅडम, तुमची हरकत आहे का?” मला समोर पडदा दिसत होता. तेच दोन चौकोन. दादा माझ्या मागं उभा, आणि मान वळवली तर त्याच्या मागं दारातून आईचा पदर दिसला. सगळ्या ऑफिसला हसवणारी बाई मी, पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले. मी नाही म्हणत नव्हते हो, मला थोडा वेळ पाहिजे होता. कुणीतरी उठून पंखा बंद करायला पाहिजे होता आणि मला पुन्हा एकदा विचारायला पाहिजे होतं.

“तिची काय हरकत न्हाय,” दादा म्हणाला. मुलीनं चौकोन दाबला, पुढचं पान उघडलं. “इथं सही करा, मॅडम.” मी केली.

घरी आल्यावर नोंदीची प्रत मागवून बघितली. स्वच्छ छापलेली, एका ओळीची, हरकत नाही. कंस कुठंच नाही, ते मीच काढून टाकले होते. म्हणून राहिलेलं इथं लिहिते.

बहिणीस विचारले. गप्प. पंखा चालू होता. पुन्हा विचारले नाही. भावाने उत्तर दिले. भावास विचारले नव्हते.